शाहजोग कोण? – दूरध्वनीवरील ठकबाजीविषयी

शाहजोग हुंडी वटवून देताना पूर्वीचा सराफ हुंडीकडे पाही, त्याहून अधिक ती आणणाऱ्याकडे पाही. रक्कम द्यावयाची ती पेठेत ज्याची पत आहे अशा शहालाच. कागद खरा असला तरी आणणारा अनोळखी असेल, तर तो कोणत्या पेढीचा, त्यास येथे कोण ओळखतो, एवढी विचारणा झाल्यावाचून पैसा तिजोरीबाहेर पडत नसे. आमच्या वडिलांच्या पिढीस हे नियम मुखोद्गत होते. ज्या घरात ते पाळले गेले त्याच घरातील माणसाने एका अनोळखी आवाजास पेढीच्या खात्याची किल्ली द्यावी, ही गोष्ट घडली आहे. आणि ती आमच्याच घरी घडली असल्यामुळे व्यापारी बंधूंपुढे मांडण्यास संकोच बाळगण्याचे कारण उरलेले नाही.

2025 च्या दशलक्षण पर्वातील गोष्ट. थोरले बंधू, ज्यांना सारे बेळगाव मार्केट अण्णा म्हणते, मंदिरातून येऊन नुकतेच गादीवर बसले होते. दूरध्वनी वाजला. बोलणारा मनुष्य शुद्ध, अदबशीर हिंदी बोलत होता. आपण बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतो असे सांगून त्याने अण्णांचे पूर्ण नाव आणि त्यांच्या कार्डावरील पहिले चार अंक बिनचूक म्हणून दाखविले. चालू खात्याच्या ओळखपत्रांची मुदत आज संपत आहे, सायंकाळी खाते गोठविले जाईल, असे त्याचे म्हणणे. त्याच दिवशी ब्याडगीच्या एका व्यापाऱ्यास दिलेला आमचा धनादेश वटावयाचा होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. ते चार अंक ऐकूनच अण्णांचा विश्वास बसला. परंतु कार्डाचे आरंभीचे अंक हे ग्राहकाचे नसून बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. एकाच बँकेच्या हजारो ग्राहकांच्या कार्डांवर ते सारखेच छापलेले असतात. ठकाने रहस्य म्हणून जे सांगितले ते रहस्य नव्हतेच. आणि जी भीती त्याने घातली ती पैसा जाण्याची नव्हती, धनादेश परत जाण्याची होती. पन्नास वर्षांत ज्यांचा एकही धनादेश परत गेला नाही, त्या माणसास याहून अचूक बाण लागला नसता. ‘म्हाताऱ्यास लोभ सुटला असेल’ असे म्हणणारे काही लोक नंतर आम्हांस भेटले. लोभाचा येथे संबंध नव्हता. अण्णा फसले ते आपल्या सचोटीपायी.

त्याने पाठविलेली एक फाइल अण्णांनी आपल्या मोबाइलमध्ये उघडली व सांगितल्याप्रमाणे परवानग्या दिल्या. ही फाइल म्हणजे बँकेचे नाव व चिन्ह धारण केलेले एक चोर-अॅप होते. एकदा ते आत शिरले की मोबाइलवर येणारे सारे संदेश, त्यांतील ओटीपीसह, दूर बसलेल्या मनुष्यास वाचता येतात. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये ऑनलाइन कार्ड-व्यवहारांस दुसरी पडताळणी सक्तीची केली. कुलपास दुसरी चावी आली. ती चावी घरधन्याच्या हातात असल्यामुळेच चोरास आता घरधन्याशी गोड बोलावे लागते. झारखंडातील जामताडा जिल्हा या धंद्यापायी देशभर कुप्रसिद्ध झाला. ज्या कर्माटाडमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे घालविली ते याच जिल्ह्यात आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

त्या दुपारी 95,000 रुपये गेले. अण्णांना ते तासाभरात कळले. परंतु ते कोणास बोलले नाहीत. पर्व चालू होते, घरात पाहुणे होते, आणि ज्यांनी आम्हां धाकट्यांना हिशेब शिकविला त्यांना स्वतःची चूक धाकट्यांपुढे सांगणे जड गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी 1,40,000 रुपये गेले, तेव्हा दिवाणजींनी खातेउतारा पाहून मला बोलावले.

हा एक रात्रीचा विलंब आम्हांस सर्वांत महाग पडला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाचा आशय असा, की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती देऊन नुकसान ओढवून घेतले, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळविल्यानंतर जे होईल ते बँकेचे. पहिल्या दुपारीच खाते बंद करविले असते तर दुसरी रक्कम गेलीच नसती, आणि गेली असती तरी तिची जबाबदारी आमच्यावर नव्हती. शाखेत हे मला एका तरुण अधिकाऱ्याने कोरडेपणाने वाचून दाखविले. त्याच्या स्वरात सहानुभूती नव्हती, पण नियम त्याने बरोबर सांगितला होता.

1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार दिल्यावर पैशाचा माग सुरू होतो. चोरलेली रक्कम थोड्याच अवधीत एका भाडोत्री खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात सरकविली जाते. ती जेथे सापडेल तेथे बँक रोखून धरते. म्हणून पहिल्या काही तासांची तक्रार आणि दोन दिवसांनंतरची तक्रार यांत मोठे अंतर आहे. भाडोत्री खात्यांविषयी आपल्या घरांतील तरुणांस स्पष्ट सांगावे: कमिशनच्या आशेने आपले खाते कोणास ‘दोन दिवस वापरावयास’ देणारा मुलगा पोलिसांच्या लेखी गुन्ह्याचा भागीदार असतो. याची दुसरीही बाजू आहे. चोरीच्या पैशातून कोणी आपल्याकडून माल खरेदी केला, तर प्रामाणिक दुकानदाराचेही खाते गोठविले जाऊ शकते. अशा वेळी बिल, जीएसटीची नोंद आणि माल पोचल्याची पावती हीच त्याची ढाल असते. अनोळखी गिऱ्हाइकाची मोठी ऑनलाइन रक्कम आली की बिल त्याच दिवशी फाडून ठेवावे.

लाजेने गप्प बसणाऱ्यांनी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे ज्येष्ठ उद्योगपती श्री. एस. पी. ओसवाल यांना 2024 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी, सीबीआयचे अधिकारी आणि सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी यांचा देखावा करून 7 कोटी रुपयांस फसविण्यात आले. त्यांनी पोलिसांत तक्रार केली, हकीगत उघडपणे सांगितली, आणि सुमारे सव्वापाच कोटी रुपये परत मिळाले.

बँकांनी व्यवहारविषयक दूरध्वनी 1600 ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये सांगितले आहे. आम्ही पेढीवर आणखी सोपा रिवाज ठेवला आहे. बँकेच्या नावाने कोणीही बोलला की दूरध्वनी खाली ठेवावयाचा, आणि कार्डाच्या पाठीवरील क्रमांकास आपण स्वतः विचारावयाचे किंवा दिवाणजींना शाखेत पाठवावयाचे. खरा बँकवाला याने रागावत नाही. पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही, हे गल्ल्यावरच्या मुलापर्यंत सर्वांना सांगून ठेवले आहे.

आमच्या रकमेपैकी 61,000 रुपये एका दूरच्या खात्यात रोखलेले सापडले. ते न्यायालयाच्या आदेशाने काही महिन्यांनी परत आले. उरलेल्या 1,74,000 रुपयांची नोंद कशी करावी, असे दिवाणजींनी विचारले. मी बुडीत खाते म्हणालो. अण्णांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि ती रक्कम स्वतःच्या नावे टाकली. पेढीच्या नावे टाकू दिली नाही.