बाळंतविडा: कौतुकाचा आणि उपयोगाचा

घरात पाळणा हलला, की पाठोपाठ बाळंतविडा येतो. कुटुंब इंदूरचे असो वा ग्वाल्हेरचे, बडोद्याचे असो वा बेळगावचे, पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात काढूनही मराठी घरांनी हा रिवाज सोडलेला नाही. ताटात झबली, टोपडी, कुंची, दुपटी मांडावयाची. बाळंतिणीसाठी चोळीचा खण व डिंकाचे लाडू ठेवावयाचे. कोणी वर चांदीचे वाळे वा वाटी-चमचा ठेवावयाचा, असा त्याचा थाट असतो. जुन्या काळी यातील बहुतेक वस्तू घरीच तयार होत. आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे होई, आजोबांच्या धोतराचे लंगोट होत. अलीकडे बाळंतविड्याची जागा दुकानातल्या चकचकीत खोक्याने घेतली आहे. त्यात सॅटिनचा झालरीचा फ्रॉक असतो, सुगंधी पावडर असते, दुधाची बाटली असते. खोके दिसावयास देखणे खरे. पण त्यातील निम्म्या वस्तू कपाटात पडून राहतात आणि एखाददुसरी तर बाळाला अपायकारकही ठरते.

जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस हा आयुष्यातील सर्वांत नाजूक काळ होय. या दिवसांत बाळाच्या गरजा फार नसतात. ऊब, स्वच्छता, आईचे दूध आणि निर्वेध झोप या चारच गोष्टी त्याला हव्या असतात. कोणतीही वस्तू घेताना ती या चारांपैकी कशाच्या उपयोगी पडेल, एवढे विचारले तरी निवड सोपी होते.

प्रथम उबेचा विचार करू. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, अंगावर चरबी थोडी असते आणि थंडी वाजली तरी मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करणे त्याला साधत नाही. निरोगी बाळाच्या काखेतील तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असावयास हवे. ते फार खाली गेले, तर बाळ मलूल होते, दूध ओढीनासे होते. म्हणूनच जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालू नये. निदान चोवीस तास थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वांत उत्तम ऊब मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना, डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याचा प्रघात सुरू केला. ‘कांगारू’ या नावाने ती पद्धत आज जगभर, आपल्याकडील रुग्णालयांतही, वापरली जाते.

कपडे या उबेला जोड म्हणून असावेत आणि ते हवामान पाहून घ्यावेत. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात सुती झबल्यावर लोकरीचा स्वेटर, टोपडे व पायमोजे हवेतच. बडोद्याच्या मे महिन्यात तेच कपडे बाळाला घामाघूम करतील. मोठ्या माणसाला जितके कपडे पुरतात, त्याहून एक पदर अधिक, हा साधारण हिशेब ठरावा. लोकर थेट त्वचेला लागू देऊ नये. झबले पुढून उघडणारे, बंदांचे असावे. डोक्यातून ओढून घालावयाचे नसावे. गळ्याभोवती लांब नाड्या, सुटे मणी, टोचणाऱ्या पिना व जरीचे काठ नकोत. नवा कपडा खळ व कच्चा रंग निघून जावा म्हणून आधी धुऊन घ्यावा.

संख्येचा विचारही महत्त्वाचा आहे. झबली आठ-दहा पुरतात. लंगोट मात्र दोन-तीन डझन तरी लागतात. पहिला आठवडा संपता संपता, पोटभर दूध मिळणारे बाळ दिवसातून सहा वेळा वा अधिक लघवी करते. बेळगाव वा गोव्याच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत; तेथे तीन डझनही अपुरे पडतात. त्यामुळे जो पाहुणा फ्रॉकऐवजी मऊ सुती लंगोटांची चवड आणतो, त्याला घरातील धुणे करणारी व्यक्ती मनापासून दुवा देते. बाजारी डायपर प्रवासात वा रात्री सोयीचे असतात. परंतु तेही वेळच्या वेळी बदलले नाहीत, तर त्वचा लाल होते.

आहाराविषयी फारसा मतभेद उरलेला नाही. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही, अगदी पाणीदेखील, देऊ नये. पहिले पिवळसर चिकाचे दूध टाकून देण्याची समजूत घातक आहे. रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातूनच मिळते. बाटली भेट देण्याचा मोह म्हणूनच टाळावा. तिचे बूच व तोंड नीट स्वच्छ होत नाही आणि बाळ अंगावर पिणे सोडण्याचा धोका असतो. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या व आईच्या दुधाला पर्यायी पावडरी यांच्या जाहिराती आणि फुकट नमुने यांवर बंदी आहे, ती याच कारणाने. काही कारणाने काढलेले दूध पाजावे लागलेच, तर उकळून घेतलेली वाटी, चमचा वा आपले जुने बोंडले बाटलीपेक्षा केव्हाही बरे.

मायेपोटी चालत आलेल्या काही रीतींना मात्र आता निरोप द्यावयास हवा. नाळ कोरडी व उघडी ठेवावी. तिला हळद, तेल वा राख लावू नये. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते. तोवर बाळाला ओल्या मऊ फडक्याने पुसून घेतले तरी चालते. मधाचे बोट चाटवू नये. मधातील काही जंतूंचे बीज वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकते. बाळगुटीही पहिल्या सहा महिन्यांत नको. काजळाने डोळ्यांना जंतुसंसर्ग होऊ शकतो, शिवाय काही सुरम्यांत शिसे आढळले आहे. आजीला तीट लावल्यावाचून चैन पडत नसेल, तर ती झबल्याच्या काठाला लावावी. मानही राहतो आणि डोळेही सांभाळले जातात. बंद खोलीत कोळशाची शेगडी व धुरी कटाक्षाने टाळावी, कारण त्या धुरात बाळ-बाळंतीण दोघांचाही जीव गुदमरतो. पावडरही नाकातोंडात जाते. ती नसलेलीच बरी.

झोपेसाठी सपाट, घट्ट गादी पुरे. बाळाला उताणे निजवावे. उशी, जाड रजई वा कापसाची खेळणी तोंडाजवळ ठेवू नयेत. वर छोटी मच्छरदाणी असली म्हणजे सोय पूर्ण झाली. मच्छरदाणी ही कमी खर्चाची आणि रोज उपयोगी पडणारी भेट आहे. तशीच दुसरी भेट म्हणजे थर्मामीटर.

भेटीचा कपडा घ्यावयाचा तर तो नवजाताच्या मापाचा घेऊ नये. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते, दोन आठवड्यांच्या सुमारास भरून येते आणि मग ते इतके झपाट्याने वाढते, की बारशाचा अंगरखा तिसऱ्या महिन्यात तोकडा होतो. सहा महिन्यांनी कोणता ऋतू असेल हे मोजून मोठ्या मापाचा कपडा घेणारा पाहुणाच चतुर.

बाळंतिणीचा विसर तर मुळीच पडू नये. डिंकाचे वा अळिवाचे लाडू हा बाळंतविड्याचा अर्धा भाग पूर्वजांनी विचारपूर्वकच ठेवला होता. माहेर दूर असलेल्या मुलीला आज त्याहून अधिक गरज असते ती हातभाराची. आठ दिवस सकाळचा डबा पोचविणे, थोरल्या मुलाला शाळेत नेणे-आणणे, दुपारी दोन तास बाळाकडे पाहून आईला झोपू देणे, या भेटींना कागदी वेष्टन लागत नाही. पाहुण्याने हात धुऊनच बाळाला घ्यावे आणि सर्दी-खोकला असेल तर भेट लांबणीवर टाकावी, हीदेखील एक देणगीच.

शेवटी एक सूचना प्रत्येक घरात सर्वांना ठाऊक असावी. बाळ दूध ओढेनासे झाले, अंग गार वा तापलेले लागले, श्वास मिनिटास साठ वा त्याहून अधिक झाला, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे पडले, वा बेंबीभोवती लाली दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब डॉक्टर गाठावा. रुग्णालयातून मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड म्हणूनच कपड्यांच्या वर, हाताशी ठेवावे. लसींच्या तारखाही त्यातच असतात.

बाळाला किंमत कळत नाही, रंग आणि झालर कळत नाही. त्याला ऊब कळते, पोट भरल्याचे समाधान कळते आणि आईचा शांत चेहरा कळतो. जो बाळंतविडा एवढे देऊ शकला, तो जुन्या लुगड्यात बांधून आलेला असला तरी सोन्याच्या मोलाचा होय.