जुन्या होडीची वीज : दोष बॅटरीत कमी, जोडात जास्त

शिडाच्या जुन्या होडीवर दिवा मंद झाला की मालकाचा पहिला शक बॅटरीवर जातो. कोकणातल्या माझ्या ओळखीच्या एका होडीवाल्याने एकाच मोसमात दोन नव्या बॅटऱ्या आणल्या, तरी डोलकाठीवरचा दिवा पिवळाच. अखेर एका वायरमनने काठीच्या बुडाशी टेप गुंडाळलेला जोड सोडला. आत तांब्याचा हिरवा भुगा! वीतभर तार बदलली आणि दिवा लख्ख झाला. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

खाऱ्या हवेने तांबे हिरवे पडते, जोडात अडथळा वाढतो. नुसते मीटर लावले तर 12 व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. दिवा लावला की व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात. म्हणून तपासणी दिवा चालू ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरे दिव्याच्या प्लसवर ठेवा. जो आकडा येईल तितके व्होल्ट वाटेत गेले. मग मायनसकडूनही तसेच करा. हे बहुतेक कारीगर विसरतात. दोन्ही मिळून घट 3 टक्के, म्हणजे 0.36 व्होल्टच्या वर नसावी. जास्त आली तर दुसरे टोक बॅटरीकडून एकेक जोड पुढे न्या. जिथे आकडा एकदम वाढेल, तोच चोर.

ही बारीक गोष्ट समजू नये. साध्या बल्बला 10 टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो. रात्री मोठ्या जहाजाला आपली होडी कळते ती डाव्या लाल आणि उजव्या हिरव्या दिव्यावरूनच.

भरलेली लेड-ॲसिड बॅटरी काही तास आराम दिल्यावर 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना आकडा 14 च्या जवळ जात नसेल तर पट्टा आणि अल्टरनेटर पाहावा. रातोरात बॅटरी उतरत असेल तर सगळी बटणे बंद करून प्लसची केबल सोडा आणि मध्ये अँपियरवर मीटर लावा. (तेव्हा इंजिन सुरू करू नये, मीटर जळेल.) आपोआप चालणारा पंप पुष्कळदा थेट बॅटरीला जोडलेला असतो, त्याची तार आधी पाहा. बुडाच्या पाण्यात प्लसची उघडी तार पडली असेल तर ती नुसती बॅटरी खात नाही, पाण्याखालचे पितळी सामानही खाते. मग होडीच धोक्यात.

घरच्या वायरिंगची एकसळी तार स्वस्त पडते म्हणून होडीत घालतात. हेलकाव्यांनी ती आतून मोडते. कलई केलेली बहुपदरी तार घ्यावी, टोकाला लग दाबून बसवावा, फ्यूज बॅटरीजवळच ठेवावा. आम्ही कापडवाले ठाण उलगडल्याशिवाय माल पास करत नाही. नाखव्यानेही टेप सोडून दाखवल्याशिवाय वायरमनला मजुरी देऊ नये.