चेक इंजिनचा दिवा लागला म्हणजे ईसीएम गेला, असं नाही

चंद्रपूर/गडचिरोली : धान निघालं का जुन्या ट्रकला उसंत नसते. आधारभूत खरेदी केंद्रावरून गोदाम, गोदामातून राईस मिल, आणि मध्ये रिकामा वेळ मिळाला तर विटा, रेती, गिट्टी. या भागातल्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड, एका मालकाच्या एक किंवा दोन. हप्ता महिन्याला भरावाच लागतो. अशा वेळी आलापल्ली-सिरोंचा रोडवर गाडी अचानक बंद पडते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो, मोबाईलला रेंज नसते. कशीबशी टोचन करून गाडी गॅरेजला आणली तर पहिलं वाक्य कानावर येतं, "ईसीएम गेला असेल."

ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. नवीन घ्यायचा तर हजारोंत पैसे मोजावे लागतात, आणि भंगारातला आणला तर तो चालेलच याची हमी नाही. पैसे घालून ईसीएम बदलला आणि गाडी तशीच उभी राहिली, असं होऊ शकतं, कारण दोष निघतो बॅटरीच्या अर्थच्या वायरीत. मधल्या काळात धान केंद्रावर ताडपत्रीखाली पडून राहते. म्हणून स्कॅनर लावायच्या आधी काय तपासायचं, हे ड्रायव्हर-मालकाला स्वतः ठाऊक असलेलं बरं. त्यासाठी काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो.

आधी गाडी कोणत्या काळातली ते बघा

सगळ्याच जुन्या ट्रकांत कॉम्प्युटर नसतो. ज्या गाडीत जुना मेकॅनिकल डिझेल पंप आहे, ती एकदा चालू झाली की चालत राहायला विजेची फारशी गरज लागत नाही. अशी गाडी चालता चालता बंद पडली तर डिझेल, एअर घेणं किंवा पंपावरचं स्टॉप सोलेनॉइड बघायचं. तिला स्कॅनर लावा म्हणणारा माणूस गाडीची ओळख न करून घेताच बोलतोय.

देशभर बीएस-3 लागू झालं 2010 मध्ये. या काळातल्या गाड्या मिश्र आहेत, काही मेकॅनिकल पंपाच्या, काही कॉमन रेलच्या. सुप्रीम कोर्टाने 29 मार्च 2017 ला निकाल दिला आणि 1 एप्रिल 2017 पासून बीएस-3 गाड्यांची विक्री बंद झाली. त्यानंतर बीएस-4, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. बीएस-4 पासून पुढे बहुतेक गाड्यांत इंजिनचा कारभार कॉम्प्युटरकडे गेला. आपली गाडी कोणती हे एमपरिवहन ॲपवर आरसी उघडली की दिसतं. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा पेटून इंजिन चालू झाल्यावर विझत असेल आणि डॅशबोर्डखाली 16 पिनांचा सॉकेट असेल, तर कॉम्प्युटरची गाडी समजा. किल्ली ऑन केल्यावर हा दिवा पेटतच नसेल तर खूश होऊ नका. बल्ब गेलेला असतो, विकणाऱ्याने काढून ठेवलेला असतो, नाहीतर ईसीएमपर्यंत करंटच पोचत नसतो. सेकंडहँड गाडी बघताना हे पहिले बघावं.

बॅटरीचा आकडा

मोठ्या ट्रकात 24 व्होल्टची वायरिंग असते, म्हणजे 12-12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. पिकअपसारख्या लहान गाड्यांत बहुधा 12 व्होल्ट. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी सेल्फ मारायच्या आधी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. 12.6 किंवा त्याच्या वर असेल तर भरलेली आहे, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला) आणि त्याच वेळी पुन्हा मोजा. एखादी बॅटरी साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती आतून संपली आहे, मग उभ्यात आकडा कितीही चांगला दाखवो.

इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीसच्या आसपास यायला पाहिजे, 12 व्होल्टच्या गाडीत चौदाच्या आसपास. चालू गाडीत 25 च दिसत असेल तर डायनमो चार्ज करत नाही. बेल्ट ढिला, कार्बन झिजलेले किंवा वायर तुटलेली. 30 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि असा डायनमो बल्ब, बॅटरी व ईसीएम तिघांनाही खातो. करंट कमी पडला की कॉम्प्युटर गोंधळतो. एकाच वेळी तीन-चार दिवे लागतात, चार-पाच कोड निघतात, आणि बघणाऱ्याला वाटतं सगळंच गेलं. स्कॅनरवर पी0562 हा कोड दिसला तर त्याचा अर्थच गाडीचा व्होल्टेज कमी असा आहे. तो असेल तर बाकीच्या कोडांकडे नंतर बघा.

आता आपल्याकडची खास सवय. 24 च्या गाडीत 12 व्होल्टचा टेप, पंखा किंवा मोबाईल चार्जर लावायचा म्हणून पोरं दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढतात. गाणी वाजतात, पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते. डायनमो मात्र दोघींना मिळूनच चार्ज करतो. परिणामी एक कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. चंद्रपूरचा मे महिना तसाही बॅटरीचं पाणी उडवायला पुरेसा आहे. सहा-आठ महिन्यांत नवी बॅटरी का जाते याचं उत्तर पुष्कळदा या एका वायरीत सापडतं. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बाजारात मिळतो, तो लावावा. आणि बॅटरी बदलायची तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या व एकाच ताकदीच्या.

अर्थ : सगळ्यात स्वस्त दोष, सगळ्यात महाग बिल

बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला आणि चेसिस इंजिनला जाड पट्टीने जोडलेलं असतं. या पट्टीखाली चिखल बसतो, गंज चढतो, नाहीतर इंजिनचं काम करताना काढलेली पट्टी परत रंगावरच कसली जाते. मग सेल्फ नुसता टक करतो, हेडलाइट लावले की टेम्परेचरचा काटा हलतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो. एका गोष्टीचा दुसऱ्या गोष्टीवर असा परिणाम दिसला की शंका अर्थवर घ्यायची.

तपासणी सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक चेसिसला जोडलेल्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ ठीक. एक-दोन व्होल्ट दाखवत असेल तर तेवढा करंट वाटेत अडतोय. पट्टी खोला, सँडपेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, कसून लावा, वरून ग्रीस. खर्च जवळपास शून्य, वेळ अर्धा तास. हे काम केल्याशिवाय ईसीएमचं नावही कोणी काढू नये.

पाऊस आणि उंदीर

इकडे पावसाळा जोराचा. भामरागडला पर्लकोटेचा पूर उतरायची वाट बघत गाड्या उभ्या राहतात. अशा वेळी पाणी कपलरमध्ये शिरतं. आतल्या पिना हिरव्या पडतात, गाडी ओली असताना मिस मारते आणि ऊन पडलं का आपोआप सुधारते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट ईसीएमच्या कपलरवर मारलं तरी हेच. कपलर काढून हवेने वाळवायचा, पिन वाकलेली किंवा मागे सरकलेली नाही हे बघायचं, रबरी सील परत बसवायचं.

उंदीर हा धान वाहणाऱ्या गाडीचा कायमचा प्रवासी. केबिनखाली तणस आणि दाणे पडलेले असतात, गाडी आठ दिवस उभी राहिली की तो वायरी कुरतडतो. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा जुडगा हाताने हलवत जा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. ज्या जागी हलवल्यावर इंजिनचा आवाज बदलतो, दोष त्याच जागी. वायरीत टाचणी टोचून करंट बघायची सवय मात्र वाईट. त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी जातं.

कोड म्हणजे पत्ता, पार्ट नव्हे

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. स्कॅनर सांगतो की अमुक सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सर बदला असं तो सांगत नाही.

पी0335 घ्या. हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड. हा सेन्सर इंजिन फिरतंय की नाही ते ईसीएमला सांगतो. त्याची खबर आली नाही तर बहुतेक गाड्यांत ईसीएम डिझेल सोडत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन उचलत नाही. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा थोडाही हलत नसेल तर शंका याच सेन्सरवर. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर चालू होते, हेही त्याचंच लक्षण असू शकतं. पण नवा आणण्याआधी जुना काढून पुसा, टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलेला असतो. वायर कुठे घासली का बघा. नंतर बदला.

पी0087 म्हणजे रेलमध्ये डिझेलचं प्रेशर कमी. हा कोड निघाला की काही ठिकाणी थेट पंप किंवा नोझल खोलायला घेतात. आधी डिझेल फिल्टर आणि पाण्याचा सेपरेटर बघा. ड्रममधलं डिझेल टाकलं होतं का ते आठवा. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाईपातून हवा तर घेत नाही ना ते बघा. चढावर लोड असताना पिकअप मरतो आणि सपाटीवर गाडी बरी चालते, तर फिल्टर चोक असण्याची शक्यता मोठी.

तीन वायरींच्या सेन्सरला (प्रेशरचे सेन्सर बहुधा असेच असतात) ईसीएम 5 व्होल्ट पाठवतो. सेन्सरचा कपलर काढून, किल्ली ऑन करून मोजा. 5 येत असतील आणि अर्थही असेल तर पुढे सेन्सरकडे वळा. 5 येत नसतील तर नवा सेन्सर लावूनही काही होणार नाही. कधी एखादा दुसराच सेन्सर आतून शॉर्ट होऊन सगळ्यांचे 5 व्होल्ट ओढून घेतो. मग एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. जो काढल्यावर 5 परत येतात, तो चोर.

मोबाईलला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त स्कॅनर मिळतात. 24 व्होल्टच्या गाडीला लावायच्या आधी त्यावर 24 लिहिलंय का ते वाचा. यातले बरेच 12 व्होल्टच्या कारसाठी असतात, ट्रकमध्ये जळतात. आणि कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. एकदा पुसला की गाडी काय सांगत होती ते कळायचा रस्ता बंद.

शेताचा युरिया टाकीत

बीएस-4 च्या ज्या ट्रकांना युरियाची वेगळी टाकी आहे, त्यांची एक निराळीच कटकट. दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते, चढ चढत नाही. स्कॅनरवर पी20ईई सारखा कोड येतो, म्हणजे धूर साफ करणारी यंत्रणा नीट काम करत नाही. विचारपूस केली तर कळतं की टाकीत शेतातल्या 45 किलोच्या बॅगेतला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकला होता.

टाकीत टाकायचं ते डीईएफ म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी. शेताच्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो लेप आणि बोअरच्या पाण्यातले क्षार फवाऱ्याच्या नोझलमध्ये आणि सायलेन्सरमधल्या जाळीत जाऊन बसतात. बादलीमागे वाचलेले पैसे तिथे कितीतरी पटीने जातात. शिवाय तो अनुदानाचा, शेतीसाठीचा युरिया आहे. दुसरीकडे वापरणं गुन्हा आहे, आणि रोवणीच्या दिवसांत बॅगेसाठी रांगेत उभा राहणारा शेतकरी आपलाच शेजारी असतो.

डाल्याला वेल्डिंग करताना

गिट्टी-रेतीच्या गाडीचा डाला वर्षातून दोनदा तरी वेल्डिंगला जातो. वेल्डिंगचा करंट चेसिसमधून फिरतो आणि ईसीएममध्ये शिरला तर तो खरोखर जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीएमचे कपलर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जिथे काम चाललं आहे त्याच्या अगदी जवळ लावा. दहा मिनिटांचं काम आहे. तसंच चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून डायनमो तपासायची जुनी पद्धत मेकॅनिकल पंपाच्या गाडीत खपून जायची. कॉम्प्युटरच्या गाडीत त्याच झटक्याने ईसीएम उडू शकतो.

मग ईसीएम जातो तरी कधी? त्याच्या फ्यूज-रिलेमधून करंट पूर्ण पोचतोय, त्याचे सगळे अर्थ चांगले आहेत, कपलर कोरडा आहे, वायरी सलग आहेत, आणि तरीही स्कॅनर त्याच्याशी बोलत नाही किंवा तो 5 व्होल्ट देत नाही, तेव्हा. बोलणं तुटलंय का हे बघायला बॅटरी काढून 16 पिनांच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजतात. साधारण 60 ओहम आला तर ती लाईन ठीक, 120 आला तर कुठेतरी तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. काही गाड्यांत या पिना वेगळ्या असतात, त्यामुळे हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनसमोरच करावं. भंगारातला ईसीएम आणायचा तर पार्ट नंबर अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे, आणि गाडीप्रमाणे प्रोग्रामिंग करून देणारा माणूस आधी ठरवून ठेवावा.

गॅरेजला गाडी लावताना मालकाने चार गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात : कोणते कोड निघाले, सेल्फ मारताना बॅटरी किती होती, अर्थ मोजला तेव्हा किती आला, आणि त्या सेन्सरची वायर तपासली का. बदललेला जुना पार्ट परत घ्यावा. चांगला मेकॅनिक या प्रश्नांवर चिडत नाही, उलट मीटर हातात घेऊन दाखवतो.