मिळूनमिसळून वागताना शिकलेली इंग्रजी

बेळगावचे शहापूर स्वातंत्र्यापूर्वी सांगली संस्थानात होते आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. हातमागाच्या साड्यांसाठी नावाजलेल्या या भागात मराठी, कन्नड आणि उर्दू कानावर पडत असल्याने, समोरचा माणूस पाहून बोलणे बदलण्याची सवय मुलांना लवकर लागते. इंग्रजी शिकवताना ही शिदोरी बहुधा वाया जाते, ही खेदाची बाब आहे.

या सवयीच्या मुळाशी असते ती भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी मांडलेली ‘संप्रेषणक्षमता’, म्हणजे वाक्य शुद्ध असण्याबरोबरच ते कोणाशी, कोणत्या प्रसंगी शोभेल याची जाण. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत राबवलेल्या बंगळूर प्रकल्पात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना सोडवण्याजोगी कामे दिली गेली, कारण लक्ष अर्थाकडे असताना भाषेची रचना नकळत रुजते, अशी त्यांची धारणा होती.

मिळूनमिसळून वागणे हा विषय अशा कामांना फार सोयीचा आहे. बाकावर एकच पट्टी असली, की मराठी मूल ‘जरा पट्टी दे ना’ म्हणते. त्यातले आर्जव इंग्रजीत ‘कुड यू’ अशा प्रश्नातून आणि ‘प्लीज’मधून व्यक्त होते, आणि ते ठाऊक नसलेल्या मुलाचे ‘गिव्ह मी स्केल’, मनात उद्धटपणाचा लवलेश नसूनही, हुकमासारखे ऐकू येते. नकार देणे याहून अवघड, कारण तेथे आधी दिलगिरी, मग कारण आणि शक्यतो पर्याय सांगावा लागतो, आणि हे सारे वाक्यांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा खरोखर मागून, नाकारून, वाटून घेऊनच अंगवळणी पडते.