सभासदांच्या नोंदी संगणक कशा मोजतो?



कुंभार पिंपळगावात सभासद किती, असं कुणी विचारलं की पूर्वी शेअर्स विभागातील कारकुनाला जाडजूड रजिस्टर काढून पान अन् पान चाळावे लागे. संगणकात हीच मोजणी एका ओळीच्या हुकमाने होते. ती कशी, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे. कारण मतदार यादी सभासदांच्या नोंदींवरूनच होते, आणि सहकारात शेअर्स कितीही असोत, मत एकच!

एक सभासद म्हणजे एक ओळ. तीत सभासद क्रमांक, नाव, गाव, शेअर्स, वारस असे रकाने. संगणकाला तीन कामे सांगायची : गावाचा रकाना काढ, गावे क्रमाने लाव, सारखी नावे मोज. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर या हुकमांना ‘कट’, ‘सॉर्ट’ व ‘युनिक’ म्हणतात. मधले काम गाळून चालत नाही. ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र धरतो. काट्यावरच्या पावत्या गाववार न लावता मोजल्या तर एकाच गावाच्या चार गड्ड्या होतात, तसेच हे.

आता फसगत कुठे होते ते पाहा.

पहिली गोष्ट, संगणकाला अक्षर कळते, गाव कळत नाही. कुठे ‘कुंभार पिंपळगाव’, कुठे ‘कुं. पिंपळगाव’ लिहिले, की त्याच्या लेखी दोन गावे झाली.

दुसरी, गावाचा रकाना कोरा असला तर तो सभासद कोणत्याच गावात येत नाही. कोऱ्या नोंदी वेगळ्या मोजाव्या लागतात.

तिसरी, मोठ्या कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांची खाती ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’त असतात. ही पद्धत ‘विंडोज २०००’बरोबर आली. तिथे एका विचारणीला, मर्यादा बदललेली नसेल तर, १००० नोंदीच मिळतात. पुढच्या नोंदी टप्प्याटप्प्याने मागाव्या लागतात. आकडा बरोबर १००० आला, की शंका घ्यावी.

म्हणून नियम साधा : सर्व गावांची बेरीज अधिक कोऱ्या नोंदी, ही एकूण सभासदसंख्येशी जुळलीच पाहिजे. आणि जुळली तरी मयत सभासदाचे नाव आपोआप निघत नाही, वारसाचे आपोआप लागत नाही. ते कागद आपणच द्यायचे.

तेव्हा शेअर्स विभागात एक चक्कर मारा. आपले नाव, गाव, वारस डोळ्यांनी वाचून खात्री करा. यादी लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरे!