भामरागडचा पूर नक्की येतो कुठून?

पावसाळ्यात ही बातमी तुम्ही वाचली असेलच: पर्लकोटेला पूर, भामरागडचा संपर्क तुटला. आपल्याला वाटतं, तिथे धो धो पाऊस झाला असणार. पण गावात उघडीप असतानाही पाणी चढू शकतं. कसं?

नकाशा बघा. भामरागडजवळ पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती उगम पावते ओडिशातल्या कालाहंडीत आणि बस्तरमधून इथे येते. तिकडे जोराचा पाऊस झाला की तिची पातळी वाढते. मग पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे तुंबतं. यालाच फुगवटा म्हणतात.

पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा, म्हणून तो लवकर बुडतो. पुलाच्या अलीकडे हेमलकसा, तिथे लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना. प्रकल्प १९७३ पासूनचा. पलीकडे तालुक्याचं गाव आणि जंगलातली माडियांची कितीतरी गावं. पूल बुडाला की तापाने फणफणलेलं लेकरू पलीकडेच अडकतं.

म्हणून पुराचा इशारा वेळेत द्यायचा, तर भामरागडचा पाऊस मोजून भागत नाही. वर जगदलपूरकडे इंद्रावती किती चढली, हेही बघावं लागतं. इंद्रावती इथे महाराष्ट्र-छत्तीसगडची हद्द आहे, पण पाणी हद्द बघून थांबत नाही. पुराची माहितीही थांबता कामा नये.