एका घासामागचे वारे

कोडोलीच्या शिवारात दुपारी उसाच्या बांधावर भाकरीचं फडकं सोडलं जातं, तेव्हा आत काय आहे हे पन्हाळा तालुक्यातला कुणीही न बघता सांगेल. ज्वारीची भाकरी, झुणका नाहीतर वांग्याची भाजी, मिरचीचा खर्डा, कांदा आणि सोबत किटलीत ताक. जेवण वीस मिनिटांत उरकतं आणि गडी पुन्हा दारं धरायला उभा राहतो. त्या भाकरीचं काम मात्र आता कुठे सुरू झालेलं असतं. ती दळली जाते, भिजते, आंबते, वेगळी होते, रक्तात शिरते. उरलेला भाग बाहेर पडायला कधी एक दिवस लागतो, कधी दोन. एवढा मोठा कारभार पोटात चालतो आणि त्यासाठी आपल्याला एकदाही हुकूम द्यावा लागत नाही. हे चालवतं तरी कोण?

याच कोडोलीत यशवंत आयुर्वेदिक महाविद्यालय आहे. आयुर्वेद शिकणाऱ्या मुलांना या प्रश्नाचं एक फार जुनं आणि फार बारकाईचं उत्तर अभ्यासावं लागतं. आयुर्वेदातलं पचन म्हटलं की आपल्या तोंडी पहिल्यांदा अग्नी येतो. ते बरोबरच आहे. चरकसंहितेत तेरा अग्नी मोजले आहेत: एक जठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी. पण ग्रंथ नीट वाचले की दिसतं, अग्नी एकटा काहीच करत नाही. त्याला फुंकणारा वायू लागतो आणि त्याला आवर घालणारा ओलावा लागतो. वात, पित्त, कफ ही तीन नावं आपण ‘मला पित्त झालंय’ अशी आजाराच्या सुरात घेतो. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या प्रत्येक घासामागे या तिघांची पाळी लागलेली असते.

आता त्या बांधावरच्या भाकरीचाच माग काढू.

घास तोंडात गेला की पहिलं काम बोधक कफाचं. तो जिभेच्या मुळाशी राहतो आणि चव कळवतो. कोरड्या भाकरीला चव नसते, ओल्या जिभेवरच ती उमटते. भाकरीचा नुसता तुकडा घेऊन तो सावकाश, बराच वेळ चावून बघा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतला अमायलेज पिष्टाचे तुकडे पाडून साखर करू लागलेला असतो. आयुर्वेदाने पचनाच्या पहिल्या अवस्थेला मधुर अवस्थापाक म्हटलं आणि तिच्यात फेसाळ कफ तयार होतो असं सांगितलं.

घास गिळला जातो तो प्राणवायूच्या, म्हणजे वाताच्या एका प्रकाराच्या, बळावर. सातव्या शतकाच्या सुमारास अष्टांगहृदय रचणाऱ्या वाग्भटाने प्राणाचं ठाणं मस्तकात सांगितलं आणि श्वास, शिंक, ढेकर यांच्या जोडीला अन्न आत घेणं हेही त्याच्याच खात्यात टाकलं. गिळण्याची सूत्रं मेंदूच्या तळाशी हलतात आणि श्वासाचीही तिथूनच, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून तर गिळताना श्वास आपोआप क्षणभर थांबतो.

आमाशयात, म्हणजे जठरात, क्लेदक कफ वाट पाहत असतो. अन्नाचा गोळा भिजवायचा, मऊ करायचा, त्याचा संघात मोडायचा, हे त्याचं काम. मग येतं पाचक पित्त. वाग्भट म्हणतो, या पित्ताने आपला पातळपणा टाकलेला आहे. म्हणून पित्तांतल्या या एकालाच तो अग्नी म्हणतो. ते आमाशय आणि पक्वाशय यांच्या मधे राहतं, अन्न पचवतं आणि सार व किट्ट, म्हणजे टाकाऊ भाग, वेगळं करतं. जठरातल्या आम्लाची तीव्रता अशी असते की त्यात मांस विरघळतं. तरी जठर स्वतः जळत नाही, कारण त्याच्या आतल्या भिंतीवर चिकट श्लेष्माचा थर सतत तयार होत असतो. ओलावा नसेल तर आग घर जाळते, ही जाण ग्रंथांच्या मांडणीत मुळापासून आहे.

आणि आता या कथेतला सर्वांत विलक्षण कारभारी, समान वायू. त्याचं ठाणं अग्नीच्या अगदी शेजारी. तो कोठ्यात सगळीकडे फिरतो, अन्न घेतो, पचवायला लावतो, सार-किट्टाची वाटणी करतो आणि उरलेलं पुढे ढकलतो.

कोल्हापूरकराला हे गुऱ्हाळावर लगेच कळेल. चुलवाणात चिपाडं भरपूर आहेत पण हवा खेळत नाही, तर नुसता धूर होतो आणि काहिलीतला रस तसाच राहतो: हा मंदाग्नी. जाळ भडकला तर रस करपतो: हा तीक्ष्णाग्नी. वारा कधी इकडून कधी तिकडून सुटला, तर जाळाचा भरवसा राहत नाही: हा विषमाग्नी. जाळ, हवा आणि रस यांचा मेळ बसला की गूळ उतरतो: हा समाग्नी. पहिल्यात कफाचा जोर, दुसऱ्यात पित्ताचा, तिसऱ्यात वाताचा, आणि चौथ्यात तिघांचं जमलेलं. म्हणून एकाच पंगतीत तेच जेवलेल्या चौघांना संध्याकाळी चार वेगळे अनुभव येतात.

समान वायूचं हे वर्णन वाचून आधुनिक शरीरशास्त्राकडे वळलं की थक्क व्हायला होतं. 1899 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलं, की आतड्यात घास आला की त्याच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा सैल होतो. हे काम मेंदूच्या आज्ञेवाचून होतं. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं स्वतःचं जाळं आहे. 1902 मध्ये त्याच दोघांनी आणखी एक गोष्ट पाहिली. आम्ल लहान आतड्याच्या तोंडाशी पोहोचलं की तिथून रक्तावाटे निरोप जातो आणि स्वादुपिंड रस सोडू लागतं. आयुर्वेदात याच परिसराला ग्रहणी म्हटलं आहे. अन्न पचेपर्यंत धरून ठेवायचं आणि पचल्यावर सोडायचं, हे तिचं काम. ती दुबळी झाली की कच्चंच अन्न पुढे जातं.

समान वायू म्हणजे हे चेताजाल, असं समीकरण मांडण्याची घाई मात्र नको. वायू ही नस नाही, पित्त म्हणजे केवळ आम्ल नाही. चरक-वाग्भटांनी चेतापेशी पाहिली नव्हती. त्यांनी काम पाहिलं आणि कामावरून काम करणाऱ्याला नाव दिलं. आत न डोकावता, केवळ भूक, ढेकर, जडपणा आणि मळ यांच्या खुणांवरून त्यांनी आतल्या हालचालींचा जो क्रम लावला, तो इतका जुळावा, यातच त्यांची थोरवी आहे.

आत डोकावण्याची संधी वैद्यकाला मिळाली ती 1822 मध्ये. अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलंच नाही. विल्यम बोमाँट या डॉक्टरने त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं आणि 1833 मध्ये पुस्तक छापलं. रुग्ण संतापला किंवा घाबरला की जठराचं आतलं अस्तर पालटतं आणि पचन बिघडतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. चरकाने विमानस्थानात हेच सांगून ठेवलं होतं: चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण असेल तर मोजून खाल्लेलं पथ्याचं अन्नसुद्धा पचत नाही. घरातली म्हातारी माणसं ताटावर भांडू देत नाहीत, त्यामागे हीच समज आहे.

शेवटचा टप्पा पक्वाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा. पाणी शोषलं जातं, गोळा सुकतो आणि वायू तयार होतो. या अवस्थेला कटु अवस्थापाक म्हणतात. पुढचं सगळं अपान वायूच्या हाती. याच भागावर महाराष्ट्रात एक सुंदर प्रयोग झाला. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया क्ष-किरणांपुढे आणि दाबमापकापुढे आणल्या. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, असं त्यांना आढळलं. योगी बस्तीत पाणी आत कसं ओढून घेतात, याचा उलगडा त्यातून झाला. या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. ज्या प्रदेशाला परंपरा अपानाचा म्हणते, तिथे काटा हलताना दिसला.

या साऱ्यातून आपल्या ताटासाठी काय निघतं? पहिलं, जागा. वाग्भट पोटाचे चार भाग करतो: दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक वायूला मोकळा. हवा खेळायला जागा नाही, तर जाळ कसा धरेल? दुसरं, वेळ. आधीचं पचण्याआधी पुन्हा खाण्याला ग्रंथ अध्यशन म्हणतात आणि दोष देतात. रिकाम्या पोटी सुमारे दीड ते दोन तासांनी जठर आणि लहान आतड्यातून एक जोरदार लाट झाडू मारत जाते. पोट गुरगुरतं त्यात तिचाही वाटा असतो. काहीही खाल्लं की ती थांबते. दर तासाला चहा-बिस्किटांचा आग्रह मोडवत नाही, पण तो त्या सफाईच्या आड येतो. तिसरं, ताक. चरकाने ग्रहणीच्या विकारात ताकाची मोठी स्तुती केली आहे: हलकं, अग्नी चेतवणारं आणि धरून ठेवणारं. वारणेच्या काठावर दुधादह्याला तोटा नाही. जिरं-मीठ घातलेलं ताक जेवणासोबत असावं, ही इथली सवय शास्त्राला धरूनच आहे. मात्र शौचात रक्त, अकारण घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारी पोटदुखी असेल, तर ताकावर न थांबता डॉक्टरांकडे जावं.

आधीचं जेवण पचल्याची चिन्हंही ग्रंथांनी दिली आहेत: ढेकर स्वच्छ येते, अंग हलकं होतं, मनाला उत्साह वाटतो, मळ-मूत्र वेळेवर होतं, आणि मग खरी भूक व तहान लागते. ही यादी वाचायला वैद्य लागत नाही. पुढच्या जेवणाला बसण्याआधी घड्याळाऐवजी ती एकदा पडताळून बघा. बांधावर राबून भाकरी सोडणारा गडी ही परीक्षा रोज नकळत पास होतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्या आपल्याला ती जाणूनबुजून द्यावी लागेल.